फॅन स्ट्रीटचा ठळक खिळा

१८२० मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीटवरची एक टाइप फाउंड्री, म्हणजे छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना, विक्रीला निघाली. मालक रॉबर्ट थॉर्न त्याच वर्षी वारला होता. ती विकत घेतली विल्यम थॉरोगुड नावाच्या गृहस्थानं. छापखाना, खिळे, शिसं यांच्याशी त्याचा तोवर काडीचाही संबंध नव्हता. सरकारी लॉटरीत त्याला घबाड लागलं होतं आणि त्या पैशातून त्यानं हा धंदा घेतला, असं इंग्लंडच्या टाइप फाउंड्र्यांचा इतिहास लिहिणारे सांगत आले आहेत.

फॅन स्ट्रीटचं आणि लॉटरीचं नातं मात्र त्याच्याही आधीपासूनचं होतं. थॉर्नच्या खिळ्यांना लंडनच्या भिंतींवर मिरवलं ते लॉटरीच्या जाहिरातींनी. सोडतीची तारीख जवळ आली की शहराच्या भिंती कागदांनी भरून जात. लॉटरीच्या एका कंत्राटदाराच्या कागदावर दुसऱ्याचा कागद, त्यावर नाटकवाल्याचा, त्यावर घोडागाडीच्या वेळांचा, त्यावर कुठल्याशा रामबाण औषधाचा. इतक्या गर्दीत पुस्तकातलं नाजूक अक्षर कितीही मोठं करून छापलं तरी रस्त्यापलीकडच्या माणसाला ते दिसणार कसं? थॉर्ननं उपाय काढला. अक्षरांच्या उभ्या रेघा त्यानं फुगवल्या, उंचीच्या एक तृतीयांशाहून जाड केल्या आणि आडव्या रेघा केसासारख्या बारीकच ठेवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही अक्षरं बाजारात आली. छापखान्यांत त्यांचं नाव पडलं फॅट फेस, म्हणजे लठ्ठ चेहरा.

त्यामागोमाग १८१७ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या दुसऱ्या फाउंड्रीवाल्यानं आणखी एक पाऊल टाकलं. रोमन अक्षराच्या टोकाला जी छोटी आडवी पट्टी असते, जिला सेरिफ म्हणतात, तीच त्यानं उभ्या रेघेइतकी जाड केली. विटेवर वीट ठेवावी तशी ती अक्षरं दिसायची. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, त्यामुळे या जातीच्या खिळ्यांना लोक ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. जुन्या वळणाच्या मुद्रकांना हे सगळं मुळीच रुचलं नाही. टी. सी. हॅन्सर्डनं १८२५ च्या आपल्या ‘टायपोग्राफिया’ या ग्रंथात या जाड्या अक्षरांवर चांगलंच तोंडसुख घेतलं आहे. त्याचा संताप मला समजतो. सुबक पानांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ती अक्षरं आरडाओरडा करताहेत असंच वाटणार. आणि ती आरडाओरडा करतच होती, त्यांचं कामच ते होतं.

मला सांगायची आहे ती गोष्ट इथून पुढे सुरू होते. ओरडणारं जाड अक्षर शांत पुस्तकाच्या पानात कसं शिरलं, आणि तिथं आल्यावर ओरडायचं सोडून बोट दाखवायला कसं शिकलं, ही ती गोष्ट. आज आपण शब्दकोश उघडतो, पाठ्यपुस्तक उघडतो, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उघडतो, तेव्हा ओळीतला एखादा शब्द इतरांपेक्षा काळा असतो आणि नजर आपोआप तिथं जाते. छपाई सुरू झाली तेव्हापासून हे असंच असावं असं वाटतं. प्रत्यक्षात युरोपात छपाई सुरू झाल्यावर जवळजवळ चारशे वर्षं ही सोय नव्हती.

मग तोवर लोक शब्द उठावदार कसा करत? आपल्याकडच्या पोथ्या आठवा. काळ्या शाईच्या ओळींत ‘उवाच’ हा शब्द किंवा अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या लाल शाईनं लिहिलेली, किंवा अक्षरांवर गेरूचा हात फिरवलेला. वाचणाऱ्याचं बोट पोथीत बरोबर तिथं थांबतं. युरोपातल्या हस्तलिखितांतही लाल शाईच होती. छपाईत दुसरा रंग म्हणजे कागद पुन्हा यंत्रातून काढणं, म्हणजे दुप्पट कष्ट आणि दुप्पट खर्च. त्यामुळे मुद्रकांनी तिरपे इटॅलिक खिळे वापरले, सगळा शब्द कॅपिटल अक्षरांत जुळवला, किंवा जुन्या गॉथिक वळणाचे काळे खिळे मध्येच घातले. यातलं इटॅलिक वाचताना छान लागतं, पण पान चाळताना ते नजरेत भरत नाही. ओळीच्या करड्या रंगात ते मिसळून जातं.

१८३० नंतर मात्र पानाकडून लोकांची अपेक्षाच बदलली. रेल्वे आली, तिच्या वेळापत्रकांची पुस्तकं आली. मालाच्या दरांच्या याद्या, प्रवाशांसाठी वाटाड्या पुस्तकं, व्यापाऱ्यांच्या पत्त्यांच्या सूच्या, शब्दकोश, शाळेची पुस्तकं यांचा सुकाळ झाला. अशी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. माणूस त्यात काहीतरी शोधायला येतो, सापडलं की पुस्तक मिटतो. त्याला पानात खुणेचे दगड हवे होते.

मुद्रकांनी आधी हाताशी होतं तेच वापरून पाहिलं. मजकुराच्या ओळीत मधेच इजिप्शियन किंवा फॅट फेसचे लहान आकाराचे खिळे जुळवले. ते जमेना. त्या खिळ्यांची घडण भिंतीसाठी झालेली. अंगानं ते रुंद, शेजारच्या अक्षराशी त्यांची उंची जुळेना, आणि काळेपणा इतका की शब्दाच्या जागी शाईचा डाग पडल्यासारखं दिसे. खुणेचा दगड हवा होता तिथं रस्त्यात धोंडा येऊन बसला.

फॅन स्ट्रीटच्या फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली नावाचा माणूस १८२६ पासून होता. एक्झेटर गावचा, जन्म १७९४ चा. गावोगावच्या छापखान्यांत जाऊन खिळ्यांची विक्री करणं हे त्याचं सुरुवातीचं काम. १८३८ मध्ये तो थॉरोगुडचा भागीदार झाला. छापखान्यांची अडचण त्याला कळली असेल तर ती या फिरतीतच कळली असणार, कारण खिळे विकणाऱ्या माणसाकडेच जुळाऱ्यांची गाऱ्हाणी पहिल्यांदा पोचतात. आणि त्याच फाउंड्रीत बेंजामिन फॉक्स हा ठसे कोरणारा कारागीर होता. या दोघांच्या हातून १८४५ मध्ये एक नवी अक्षरमाला बाहेर पडली. तिचं नाव क्लॅरेंडन. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचं नावही क्लॅरेंडन प्रेस, आणि या खिळ्याचं नाव त्यावरूनच आलं असं सहसा मानलं जातं.

फॉक्सचं काम कसं चालत असेल ते जरा जवळून पाहू. मऊ केलेल्या पोलादाची बोटभर लांब कांडी. तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. अक्षराच्या पोटातली पोकळी, म्हणजे ‘ओ’च्या आतली जागा किंवा ‘ए’च्या पोटातली, कोरून काढणं कठीण, म्हणून त्या पोकळीच्या आकाराचा दुसरा छोटा ठसा आधी घडवायचा आणि तो हातोडीनं कांडीच्या टोकात ठोकायचा. मग बाहेरची कड कानशीनं आणि कोरणीनं उतरवायची. भिंगातून पाहायचं, पुन्हा कानस फिरवायची. मधूनमधून ठसा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, काजळी बसली की गुळगुळीत कागदावर टेकवायचा. कागदावर अक्षराची काळी मखमली खूण उमटते, तिच्यावरून कळतं की रेघ कुठं केसभर जाड राहिली आहे. मनासारखं झालं की पोलाद तापवून कडक करायचं. असा एक ठसा तयार झाला की तो तांब्याच्या तुकड्यात ठोकून साचा करायचा, आणि त्या साच्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतून खिळे पाडायचे. हे सगळं एका अक्षरासाठी, एका आकारात. दुसरा आकार हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

फॉक्सनं काय साधलं ते अक्षरापाशी थांबून पाहिल्याशिवाय समजत नाही. क्लॅरेंडनचे सेरिफ जाड आहेत, पण इजिप्शियनसारखे काटकोनात ठोकलेले नाहीत. उभी रेघ खाली येता येता हलकेच वळते आणि सेरिफमध्ये उतरते, झाडाचा बुंधा जमिनीपाशी रुंदावत मुळात शिरावा तशी. जाड आणि बारीक रेघांत फरक आहे, पण थोडा. फॅट फेसमधली बारीक रेघ छपाईत तुटायची किंवा शाईत बुडायची, इथली रेघ टिकते. छोट्या ‘ए’च्या, ‘सी’च्या, ‘आर’च्या टोकाशी मिऱ्याएवढे गोल ठिपके आहेत आणि ते अक्षराला हसरेपणा देतात. अंगानं अक्षर जरा आवळलेलं आहे, म्हणजे जाड असूनही ते ओळीतली फारशी जागा खात नाही. आणि मुख्य म्हणजे ते शेजारच्या साध्या रोमन अक्षराच्या पंगतीला बसेल अशा बेतानं कोरलेलं आहे. डोकं आणि पाय एका रेषेत, फक्त अंग काळं. जुळाऱ्यानं एका केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, साधे खिळे उचलावेत, शेजारच्या केसमधून क्लॅरेंडनचे उचलावेत, जुळणीच्या एकाच पट्टीत जुळवावेत आणि ओळ कुठंही हेलकावू नये. स्वतंत्र ऐट मिरवण्यापेक्षा दुसऱ्या अक्षराच्या सोबतीला उभं राहण्यासाठी मुद्दाम घडवलेला हा जाड खिळा होता, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण याच एका गोष्टीत आहे.

बेस्ली व्यवहारी होता. आपण काय बनवलं आहे हे त्याला ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये नुकताच कारागिरीच्या नमुन्यांची नोंदणी करण्याचा कायदा झाला होता. त्याखाली त्यानं क्लॅरेंडनची नोंद केली. अक्षराच्या वळणाला कायद्याचं संरक्षण मिळाल्याचं पहिलं उदाहरण म्हणून क्लॅरेंडनचं नाव घेतलं जातं. पण संरक्षण होतं फक्त तीन वर्षांचं. तीन वर्षं संपली आणि इतर फाउंड्र्यांनी आपापली क्लॅरेंडन बाजारात आणली. शिवाय त्याच काळात विजेच्या साहाय्यानं तांब्याचा थर चढवून दुसऱ्याच्या खिळ्यावरून थेट साचा तयार करण्याची युक्ती निघाली होती, त्यामुळे कोरण्याचे कष्टही कुणाला घ्यायला नकोत. बेस्ली चिडला, त्यानं नक्कल करणाऱ्यांवर जाहीरपणे टीका केली, पण कायद्यानं हात वर केलेले होते.

नक्कल झाली म्हणून बेस्लीचं नुकसान झालं असेल, पण अक्षर मात्र जगभर गेलं. इतकं की इंग्रजी छापखान्यांत ‘क्लॅरेंडन’ हे विशेषनाम राहिलंच नाही. ‘हा शब्द क्लॅरेंडनमध्ये घे’ म्हणजे ‘हा शब्द ठळक घे’, खिळा कुठल्याही फाउंड्रीचा असो. आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणायचे, तसंच हे.

आणि मग ते अक्षर जिथं शोभतं अशा ठिकाणी पोचलं. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. जेम्स मरे त्याचे संपादक. या कोशातल्या एकेका नोंदीत शब्दाचा उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ, त्या अर्थाच्या छटा आणि शेकडो वर्षांतली अवतरणं खच्चून भरलेली. असं तिपदरी मजकुराचं पान म्हणजे घनदाट रान. त्यात मूळ शब्द क्लॅरेंडनमध्ये छापले. अवतरणांच्या बारीक झाडोऱ्यातून नजर सरळ त्या काळ्या शब्दांवर उडी मारत पुढं जाते. क्लॅरेंडन प्रेसनं छापलेला कोश आणि त्यात क्लॅरेंडन खिळा, असा हा योग.

इथं आपल्या मोल्सवर्थचा कोश समोर ठेवून पाहण्यासारखा आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. त्यात मूळ मराठी शब्द देवनागरीत आणि त्याचा अर्थ इंग्रजीत, रोमन लिपीत. इथं ठळक खिळ्याची गरजच फारशी पडत नाही, कारण दोन लिप्यांचं वळणच इतकं वेगळं आहे की रोमन मजकुराच्या कडेला शिरोरेघेखाली लटकलेला मराठी शब्द लगेच दिसतो. लिपीच तिथं खुणेचा दगड झाली. पण दाते आणि कर्वे यांनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढायला घेतला तेव्हा शब्द मराठी, अर्थ मराठी, दाखले मराठी. देवनागरीच्या रानात देवनागरी शब्द शोधायचा. आता काळ्या खिळ्यावाचून भागणार नव्हतं. कोशाचं पान एकाच भाषेचं झालं की ठळक अक्षराचं मोल कळतं.

अमेरिकेत क्लॅरेंडनचं निराळंच झालं. तिथं डॅरियस वेल्सनं १८२७ च्या सुमारास लाकडाचे मोठे खिळे यंत्रानं कापायची रीत काढली होती. शिशाचा हातभर उंच खिळा ओतणं महाग आणि उचलणं जड, लाकडाचा हलका आणि स्वस्त. या लाकडी खिळ्यांच्या कारखान्यांनी क्लॅरेंडन उचलली आणि ताणली. एका प्रकारात अक्षराचे सेरिफ उभ्या रेघांपेक्षाही जाड केले, म्हणजे वर आणि खाली काळे पट्टे आणि मध्ये बारीक कंबर. त्याला फ्रेंच क्लॅरेंडन म्हणत. सर्कशीची पत्रकं, पळालेल्या गुन्हेगारांवर लावलेल्या बक्षिसांचे कागद, हे सगळं या अक्षरांत. हॉलिवूडच्या काउबॉय चित्रपटांत दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर आपण जे अक्षर पाहतो ते हेच. पुस्तकात शांत झालेलं अक्षर पुन्हा भिंतीवर जाऊन ओरडू लागलं.

फॅन स्ट्रीटवर मात्र काळ पुढं सरकला. थॉरोगुड १८४९ मध्ये निवृत्त झाला आणि फॉक्स भागीदार झाला. १८६१ मध्ये बेस्लीही बाजूला झाला. फॉक्सच्या जोडीला चार्ल्स रीड आला. या रीडच्या मुलानं, टॅलबट बेन्स रीडनं, १८८७ मध्ये इंग्लंडच्या जुन्या फाउंड्र्यांचा जो इतिहास लिहिला तो अजूनही अभ्यासकांच्या हाताशी असतो. बेस्ली १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. खिळे विकत फिरणारा माणूस शहराचा पहिला नागरिक झाला, त्याचं नाव सगळीकडे नोंदलं गेलं. ठसा ज्यानं कोरला त्या फॉक्सचं नाव टाइपच्या इतिहासाच्या पुस्तकांबाहेर क्वचित आढळतं. मला ते खटकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाउंड्री शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेककडे गेली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात क्लॅरेंडन जुनाट वाटू लागली होती. मग १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी हेरमान आयडनबेंत्सनं ती नव्यानं रेखाटली आणि दोनच वर्षांत अमेरिकेत फ्रीमन क्रॉनं आपली क्लॅरेंडन आणली. सपाट, निर्विकार अक्षरांची चलती सुरू होत असलेल्या काळात ही गोल ठिपक्यांची, पाय रोवून उभी राहणारी अक्षरं लोकांना हवीशी वाटली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवर ती बसली. घरातल्या टीव्हीवर किंवा रेडिओवर ‘सोनी’ हे नाव ज्या रोमन अक्षरांत असतं तीही याच घराण्यातली. जवळ जाऊन पाहा. ‘एन’चे पाय पाहा.

आता थोडं आपल्या घरचं. देवनागरीत ठळक खिळा करणं रोमनपेक्षा कितीतरी अवघड. रोमनला कॅपिटल, लहान अक्षरं, आकडे आणि खुणा धरून शे-सव्वाशे खिळे पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकड्यांनी लागतात. आणि प्रत्येकात अडचण वेगळी. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘घ’, ‘भ’ यांच्या पोटात आधीच जागा कमी. रेघ जाड केली की ती जागा बुजते. शिरोरेघ जाड केली तर सगळा शब्द वरून दबल्यासारखा दिसतो, बारीक ठेवली तर डोकं कमजोर. हे सगळं तोलून एकेक अक्षर हातानं ठरवावं लागतं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरचा टाइप देशभर नावाजला गेला. आरूंच्या हातातली कानस आणि फॉक्सच्या हातातली कानस एकच काम करत होती. अक्षराच्या पोटातला पांढरा भाग ते जपत होते.

आज संगणकावर ठळक करणं म्हणजे एक कळ दाबणं. पण ज्या फॉन्टमध्ये ठळक अक्षरं मुळात रेखाटलेलीच नाहीत त्यातही ती कळ चालते. संगणक साध्या अक्षराची कड सगळ्या बाजूंनी फुगवतो आणि ठळक म्हणून पुढं करतो. परिणाम आपण रोज पाहतो. लग्नपत्रिकेवर ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ बुजलेला, पाठ्यपुस्तकाच्या मथळ्यात ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येत नाहीत, कोशातला मूळ शब्द शाईच्या ठिपक्यासारखा. ज्या अक्षरानं बोट दाखवायचं तेच वाचता येत नाही. १८४० च्या आधी लंडनच्या जुळाऱ्यांची जी अडचण होती तीच आपण पुन्हा ओढवून घेतली आहे, आणि यावेळी कुणाला पोलाद कोरायचेही कष्ट नाहीत.

म्हणून मराठी पुस्तकं, पत्रिका, पाठ्यपुस्तकं, पाट्या करणाऱ्या सगळ्यांना एवढीच विनंती आहे. फॉन्ट निवडताना त्याची ठळक अक्षरं वेगळी रेखाटलेली आहेत की नाहीत हे आधी बघा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘घ’, ‘भ’ आणि ‘ध’ ही पाच अक्षरं ठळक करून छापा, हातभर लांब धरा आणि वाचता येतात का पाहा. चांगले फॉन्ट आता फुकट मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा फॉन्ट अगदी बारीकपासून अगदी ठळकपर्यंत सात वजनांत, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्यांत, उपलब्ध आहे.